मन बांधावर बसलं होतं

आमच्या घरात 'मन' हा शब्द फारसा वापरात नव्हता. आईला वाईट वाटलं की तिच्या पोटात कालवायचं, काळजी लागली की छातीवर धोंडा बसायचा, आणि मी उलट उत्तर दिलं की तिचं डोकं तापायचं. बाबांना एखादी गोष्ट पटली नाही की ते म्हणायचे, "माझ्या टाचेला बरं नाय वाटत." टाचेचं कारण पुढे येईलच. सांगायचं एवढंच, की 'मनाला लागलं', 'मनात आलं' असली वाक्यं मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचली आणि शहरातल्या लोकांकडे आपल्यापेक्षा एक अवयव जास्त असतो असं बरेच दिवस धरून चालले.

गाव नेरूळजवळ, सारसोळ्याच्या अंगाला, खाडीच्या काठावर. घर कुडाचं, वर कौलं, पुढे शेणाने सारवलेली पडवी. सकाळी जाग यायची ती आई तांदळाची भाकरी थापायची त्या आवाजाने. तिचा हात भाकरीवर पडायचा तसा तो पडवीतसुद्धा मोजता यायचा. सुकट भाजल्याचा वास, परसात चिंबोऱ्यांची टोपली खरखरतेय, आणि वाशीच्या बाजूने लांबून येणारी डंपरची घरघर. नवं शहर तेव्हा आमच्याकडे सरकत होतं. शेतं गेली होती, काही मिठागरं गेली होती, आमचं अजून होतं. बाबा त्या मिठागरात कामाला. मालक मुंबईला असायचा आणि वर्षातून दोनदा छत्री घेऊन येऊन जायचा. मिठागर चालायचं ते बाबांच्या टाचेवर.

मीठ पिकवायचं म्हणजे खारं पाणी उन्हात वाळवायचं, असं पुष्कळांना वाटतं. पण ज्या वाफ्यात मीठ धरतं त्याची जमीन आधी तयार करावी लागते. पावसाळा सरला की वाफ्यातला गाळ काढायचा, थोडं पाणी घ्यायचं आणि दहा-बारा बाया-पुरुषांनी खांद्याला खांदा लावून तो चिखल पायांनी तुडवायचा. टाच टाचेला लागून पडली पाहिजे, मध्ये बोटभर जागा सुटली तर पाणी झिरपतं आणि मीठ मातकट येतं. पंधरा-वीस दिवस असं तुडवल्यावर जमीन पाटीसारखी काळी, घट्ट होते. सगळ्यांचे पाय एका वेळी पडावेत म्हणून एक जण हाक द्यायचा. आमच्याकडे ती हाक बाबांची होती. "दे पाय... घे पाय..." एवढेच शब्द, पण त्यांना असा ओढा होता की बांधावर उभ्या असलेल्या पोरांचेही पाय हलायचे. हाक देणाऱ्याने रांगेकडे तोंड करून उलटं चालायचं असतं. डोळ्यांनी तो रांगेतले पाय किती रुततात ते बघतो, आणि स्वतःच्या टाचेने मागची न तुडवलेली जमीन चाचपतो. बाबा वीस वर्षं असे उलटे चालले. कुठे चिखल पोकळ आहे ते त्यांना बघावं लागत नसे. "टाच सांगते," म्हणायचे. मालकाने एकदा एका शिकलेल्या माणसाला जमीन तपासायला आणलं होतं. त्याने सळई खुपसून चार ठिकाणी खुणा केल्या. बाबा मागून चालत गेले आणि पाचवी जागा दाखवली. पाणी तिथूनच गळत होतं.

अशा माणसाची मी मुलगी, आणि गावातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. तेव्हा मात्र पनवेलच्या कॉलेजात कुणी विचारलं तर "नेरूळची" एवढंच सांगायची. नेरूळ म्हटलं की लोकांना नव्या इमारती आठवायच्या. मिठागर मी मध्ये येऊ देत नसे, आणि बोलताना 'पानी' निघू नये म्हणून जिभेला सतत चिमटा काढून ठेवल्यासारखी वागायची. विषय तत्त्वज्ञान घेतला, कारण त्या वर्गात बाकं रिकामी होती आणि लिमये सर शांत बोलायचे. शिडशिडीत माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. पहिल्याच महिन्यात त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, मन आणि शरीर, आणि मध्ये प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाले, "मी हात वर करायचं ठरवतो आणि हात वर जातो. ठरवण्याला वजन नाही, लांबी-रुंदी नाही. मग ते हाताला ढकलतं कसं?" त्या दिवशी एसटीत मी स्वतःचा हात चार वेळा वर केला. कंडक्टर म्हणाला, "काय पाहिजे, ताई?"

घरी जेवताना मी हे सगळं सांगायची. आईबाबांना शिकवायची मला हौस होती, आणि ते दोघं ऐकायचेही. एका फ्रेंच तत्त्ववेत्त्याच्या मते देह हे यंत्र आणि मन हे त्याहून अगदी वेगळं, त्याला हुकूम देणारं, असं मी एकदा सांगितलं. सोपं करायला म्हटलं, "म्हणजे टेम्पो आणि ड्रायव्हर."

आई निवट्या माशांचं कालवण वाढत होती. ती म्हणाली, "मंग माझा पोट दुखतं तवा कोन दुखतं गो? टेम्पो का डायवर?"

"तसं नाही आई, टेम्पोला कळत नाही."

"टेम्पो बिघरला तर डायवर उतरून बिडी पितो. मला उतरता येत असतं तर तुझ्या जल्माच्या टायमाला दोन दिवस मी उतरून बसली असती."

बाबा हसता हसता ठसकले. मग मी आपल्याकडच्या जुन्या जडवाद्यांचं मत सांगितलं. पान हिरवं, चुना पांढरा, सुपारी तपकिरी, तिन्ही एकत्र चघळली की लाल रंग येतो. तो आधी कशातच नव्हता. तसं देहातच मन उगवतं, वेगळं असं काही नाही. हे बाबांना आवडलं. ते पान खायचे. त्यांनी पानाची चंची उघडली, पान लावलं, तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत बसले. मग पडवीच्या कडेला जाऊन थुंकले आणि परत येऊन विचारलं, "ठीक हाय. पन थुकल्यावर रंग कुठं जातो? तुझ्या सरला इचार."

मी विचारलं. बापाने विचारलंय हे न सांगता, स्वतःचाच प्रश्न असल्यासारखा विचारला. सरांनी खडू खाली ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "कुसुम, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण प्रश्न फार चांगला आहे." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी ते कौतुक खिशात घातलं. ही चोरी आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आज वाटतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, बाबा पडवीत तोंड धुताना एका बाजूला कलंडले. तांब्या गडगडत अंगणात गेला तो आवाज माझ्या कानात अजून आहे. उजवी बाजू गेली. मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. हाताची बोटं हळूहळू हलू लागली, जीभ जड झाली तरी शब्द यायला लागले, पाय मात्र लाकडासारखा. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सांगितलं की पायात ताकद अजून शिल्लक आहे, रोज व्यायाम करा, चालू शकतील. आणि जाताना बाबांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "मनावर घ्या."

त्या दोन शब्दांनी आमचं घर दोन महिने पोखरलं. जो येईल तो खाटेजवळ बसून तेच म्हणायचा. मामा म्हणाला, शेजारचे म्हणाले, ज्यांना बाबांनी हाकेवर वीस वर्षं चालवलं तेही म्हणाले, "मनावर घे रं." बोलण्यात प्रेमच होतं, पण त्याचा अर्थ असा निघायचा की हा माणूस चालत नाही कारण याला चालायचं नाही. आणि सगळ्यांत पुढे मी. मी शिकलेली. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी त्यांना भिंतीला धरून उभं करायची आणि सांगायची, "बाबा, डोळे मिट. मन मालक हाय. पायाला हुकूम दे." आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात. ते डोळे मिटायचे, कपाळावर घाम यायचा, जबडा आवळायचा, डावा पाय थरथरायचा. उजवा जमिनीला खिळल्यासारखा. मी म्हणायची, "अजून जोर लाव. मनापासून." मामाने तोवर महापेच्या एका कारखान्यात माझ्यासाठी डबे भरायचं काम बघून ठेवलं होतं. बाबा उभे राहिले नाहीत तर संक्रांतीनंतर माझं कॉलेज बंद, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे माझ्या 'मनापासून'मध्ये माझा स्वार्थही होता.

एका दुपारी मी लवकर घरी आले. बाबा खाटेच्या काठावर बसले होते आणि डाव्या हाताने उजव्या मांडीवर बुक्के मारत होते. जोरात, एकामागून एक, जसं ऐकत नसलेल्या बैलाला मारतात. मला बघून थांबले. जड जिभेने म्हणाले, "मन घेतंय गो. लय घेतंय. पाय घेत नाय." आणि मग, "माझा मन लबाड हाय का, कुसे? तू शिकलीस, तू सांग."

हा खोटं न बोलणारा माणूस. त्याला मी आणि सगळ्या गावाने मिळून स्वतःच्या मनावर संशय घ्यायला लावलं होतं. दारात आई उभी होती, तिने ऐकलं. ती आत गेली, भांडी आपटली, बाहेर आली आणि म्हणाली, "उद्यापासून घरात कोनी मनाचा नाव काढाचा नाय. परवा वाफा तुडवायला घेतात. याला तिथं नेऊ. ज्या पायाला चिखल ठाव हाय, त्याला भिंत काय दाखवतेस?"

तो त्या मिठागराचा शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी भरावाचा मुरूम पडणार हे ठरलं होतं, खुणेचे दगडही लागले होते. तरी वाफा तुडवायचा होता, कारण एक हंगाम तर एक हंगाम. बाबांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून बांधावर आणलं. रांग उभी होती, आणि हाक देणारं कुणी नव्हतं. धर्माकाका, बाबांच्या वयाचे, रांगेत कायम डावीकडून पहिले, त्यांनी सकाळपासून हाक देऊन बघितली होती. पाय मागेपुढे पडत होते आणि लोक हसत होते.

बाबांचं धोतर गुडघ्यावर खोचून आम्ही त्यांना चिखलात उतरवलं. एका बाजूला धर्माकाका, एका बाजूला मी. गार चिखल घोट्यापर्यंत आला तेव्हा त्यांनी श्वास घेतला, दोन महिन्यांत तसा घेतला नव्हता. आम्ही त्यांना रांगेत उभं केलं, सगळ्यांबरोबर, तोंड पुढे. हाक आईने दिली. बाईने हाक द्यायची पद्धत नव्हती, पण वीस वर्षं ती रांगेत होती, तिला सगळ्यांत चांगली येत होती. "दे पाय..." सगळ्या रांगेचा पाय पडला. बाबांचा नाही. "घे पाय..." नाही. पुन्हा. पाचव्यांदा बाबांनी मान खाली घातली. मी मनात म्हटलं, संपलं, आता हेही गेलं.

तेवढ्यात धर्माकाका थांबले. एकदा बाबांकडे बघितलं, एकदा रांगेकडे, आणि स्वतःच्या कपाळावर चिखलाचा हात मारला. "आरं, आपन येडं का काय? हा कधी रांगेत चाललाय का? हा आपल्याकडं तोंड करून चालतो. फिरवा त्याला."

आम्ही त्यांना उलटं वळवलं. आता त्यांच्या पाठीशी न तुडवलेला वाफा होता आणि समोर रांग, रोजच्या जागी, रोजची माणसं. त्यांनी एकेकाच्या पायांकडे बघितलं, डावीकडून उजवीकडे, जसे कायम बघायचे. धर्माकाका आता त्यांना सोडून रांगेत आपल्या जागी गेले होते. मी एकटीच दंडाला धरून. आईने हाक दिली, "दे पाय..." आणि बाबांची उजवी टाच चिखलातून सुटली. सुटल्याचा 'फच्' असा आवाज आला. ती वीतभर मागे गेली आणि पडली. "घे पाय..." डावी. "दे पाय..." उजवी, थोडी वाकडी, पण टाचेला टाच. वाफ्याच्या त्या टोकापर्यंत ते गेले. अर्ध्यावर एकदा थांबले. मला वाटलं थकले. ते म्हणाले, "हितं पोकळ हाय," आणि त्या जागी टाच दोनदा जास्त दिली.

बांधावर बसून आईने आणलेली भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्ली. बाबांचा पाय अजून चिखलात होता, त्यांना तो बाहेर काढायचा नव्हता. मी विचारलं, "बाबा, त्या वेळी मनात काय आलं?" त्यांनी हातातली भाकरी संपवली. खरं तेच सांगायचं असलं की त्यांना वेळ लागायचा. मग म्हणाले, "मनात काय नाय आलं. मन हितं बांधावर बसलंवतं, आता तू बसलीस तसं. पायच गेलं."

मी तत्त्वज्ञान शिकले, पुढे अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं, जाडजूड पुस्तकं वाचली. त्या विषयावर याहून जास्त प्रामाणिक वाक्य मला कुठे भेटलं नाही. पुस्तकवाले बहुतेक खुर्चीवर बसून लिहितात, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला मन मालक वाटणारच, पाय मोकळेच असतात. बाबांचं म्हणणं मन नसतं असंही नव्हतं. ते होतं, बसलं होतं, बघत होतं. फक्त त्या वेळी त्याने मध्ये येऊ नये एवढंच त्यांना कळलं. आणि हाक? ती कुठे राहते, कानात, टाचेत, की त्या बारा जणांच्या मधल्या हवेत? लिमये सरांना हे विचारायला हवं होतं.

तसं विचारलंच म्हणा. परीक्षेत प्रश्न आला, मन आणि शरीर यांच्या संबंधाविषयीच्या मतांची चर्चा करा. मी सगळी मतं क्रमाने लिहिली, आणि शेवटी एक पुरवणी मागून घेऊन वाफा लिहिला. माझे वडील मिठागरात कामाला आहेत, असं पहिलं वाक्य. पानाच्या रंगाचा प्रश्नही त्यांचा होता, हेही लिहून टाकलं. मार्क बरे पडले, फार नाही. पुरवणी कुणी वाचली की नाही देव जाणे. सरांना मात्र मी सगळं तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना एकदा कॉलेजात आण. मला भेटायचंय."

बाबा काठी घेऊन चालायला लागले. पुढे तोंड करून चालणं तीन महिन्यांनी आलं, तेही आधी चार पावलं उलटं टाकली की मगच. गावाने त्याचीही सवय करून घेतली. कॉलेज सुटलं नाही. मिठागर गेलं. मी पदवीधर झाले तेव्हा कॉलेजच्या वरच्या हॉलमध्ये समारंभ होता. बाबा धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि पायात पहिल्यांदाच बूट घालून आले. जिना चढताना आई मागे, मी पुढे, कठड्याला धरून चढले. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, उजवा हात मांडीवर हलकेच आपटला. सर येऊन त्यांच्याशेजारी बसले आणि दोघं पानाबद्दल काहीतरी बोलले. ते मला कधीच कळलं नाही.

उतरताना घोटाळा झाला. जिन्याच्या वरच्या पायरीवर बाबा थांबले आणि पाय उचलेना. खाली उतार दिसत होता. मागे सगळा वर्ग, त्यांचे आईबाप, इस्त्रीचे कपडे, थांबून राहिलेले. कुणीतरी समजुतीने म्हणालं, "काका, घाबरू नका, मनात आणलं की होतं." मी बाबांचा चेहरा बघितला. तोच, खाटेवरचा.

मी त्यांच्या पायांतले बूट काढले आणि आईच्या हातात दिले. त्यांना वळवलं. आता त्यांची पाठ जिन्याकडे, तोंड माझ्याकडे. आई दोन पायऱ्या खाली जाऊन उभी राहिली. मी त्यांच्यासमोर रांगेत उभी राहावी तशी उभी राहिले, एका हातात पदवीचा कागद. तीन वर्षं त्या इमारतीत मी एकदाही गावच्या आवाजात बोलले नव्हते. तरी हाक दिली, "दे पाय..." जिना रिकामा होता, तो आवाज खालपर्यंत गेला.

बाबांची टाच मागे सरकली, कड चाचपली आणि खालच्या पायरीवर पडली. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी अजून वरच होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली, रांगेत कुणी चुकलं की पडायची ती. आणि दुखणं आल्यापासून जी हाक त्यांच्या जिभेवर आली नव्हती ती आली, जड, फाटकी, पण त्याच ओढ्याची.

"घे पाय, कुसे."

मी पाय टाकला.